बुडीत खाते

बँकेत वीस वर्षे काढलेल्या माणसाला 'बुडणे' हे क्रियापद शिकवावे लागत नाही. आमच्याकडे कर्ज बुडते, व्याज बुडते आणि मार्च महिन्यात रविवारही बुडतो. पण रोख पैसे मोजून स्वखुशीने बुडणारे लोक असतात, हे मला मालवणला जाईपर्यंत ठाऊक नव्हते. नागपूरकराचे पाणी ते कितीसे? फुटाळ्याच्या काठावर उभे राहून भुट्टा खाल्ला की आमचा समुद्र संपला. उरलेले पाणी कूलरमध्ये.

एल.एफ.सी. वाया जाऊ नये म्हणून आम्ही मालवण गाठले. शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग पाहावा आणि सुरमई खावी, एवढाच माझा बेत. सौभाग्यवतींनी मात्र किल्ल्याजवळच्या स्कूबा डायव्हिंगची दोन तिकिटे काढली.

"अहो, मला पोहता येत नाही!"

"तिथे पोहायचं नाहीच, नुसतं बुडायचं आहे," ती म्हणाली.

होडीत एका तरुण पाणबुड्याने आमचा वर्ग घेतला. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'झकास' नव्हे, 'मला वर न्या'. झकास म्हणायचे तर अंगठा आणि तर्जनीचे वर्तुळ करायचे. कान दुखले तर नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकायची. आणि श्वास कधीही रोखायचा नाही; वर येताना दाब घटतो, छातीतली हवा फुगते. ही शेवटची अट मला फार जड गेली. ऑडिटरच्या काळात श्वास रोखूनच आमची नोकरी टिकली आहे.

"घाबरू नकात, मी आसंय," म्हणत त्याने मला खाली नेले. आणि काय सांगू! तिथे 'पासबुक छापून मिळेल का' असे विचारणारे कोणी नव्हते. पट्ट्यापट्ट्यांचे मासे मोठ्या आशेने माझ्यासमोर येत, क्षणभर थांबत आणि काम होणार नाही हे ओळखून पुढच्या काउंटरकडे वळत. दगड वाटणारे प्रवाळ म्हणजे असंख्य चिमुकल्या जीवांची वसाहत. चिमूट चिमूट चुना साठवून ते घर बांधतात. यालाच आम्ही आवर्ती ठेव म्हणतो.

परतताना पाणबुड्याने विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर असलेल्या 'आंग्रिया बँके'चे नाव काढले. मी चटकन शाखा विचारली! ते समुद्रातले प्रवाळांचे विस्तीर्ण पठार निघाले, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचे. उथळातला त्याचा भागसुद्धा सुमारे वीस मीटर पाण्याखाली. पूर्ण बुडूनही पत राखून असलेली दुसरी बँक माझ्या पाहण्यात नाही.

पण मनात घर केले ते 'आयएनएस गुलदार'ने. किनाऱ्यावर सैन्य आणि रणगाडे उतरवणारे हे जहाज 1985 मध्ये नौदलात आले आणि 2024 च्या जानेवारीत निवृत्त झाले. त्याला भंगारात न काढता निवती खडकांजवळ मुद्दाम बुडवायचे, असा बेत ठरला. आधी तेल, घाण सगळे काढून टाकायचे. मग लोखंडावर शेवाळ धरते, शिंपले चिकटतात, छोटे मासे येतात, त्यांच्यामागे मोठे. गाव वसते.

नागपूरला आल्यावर ही हकिगत मी आमच्या निवृत्त हेडकॅशियरसाहेबांना सांगितली. दोन वर्षे ते गॅलरीतल्या खुर्चीतून हलले नव्हते. "आपण आता भंगारच ना बाप्पा," हे त्यांचे पालुपद. त्या दिवशी मात्र त्यांनी हातांच्या खुणांसकट सगळे ऐकले.

"आधी घाण काढतात म्हणतोस? माझ्यातलं काय काढावं लागेल रे?"

"कुरकुर!" आतून काकू म्हणाल्या.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी पेन्शनरांची झुंबड उडाली. पाहतो तर बाकावर साहेब! चष्मा नाकावर, मांडीवर अर्जांचा गठ्ठा आणि भोवती पंधरावीस म्हातारी मंडळी. कोणाचा अंगठा यंत्र घेत नव्हते, कोणाला खातेक्रमांक आठवत नव्हता. साहेब एकेकाला मार्गी लावत होते.

मी काउंटरवरून अंगठा वर केला. साहेबांनी जोरजोरात मान हलवली आणि अंगठा-तर्जनीचे वर्तुळ करून दाखवले. त्यांना वर यायचे नव्हते.