जिम रीव्ह्जचे गाणे आणि आम्ही

पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांनी प्रेमगीते गुणगुणावीत की नाही, हा प्रश्न आमच्या घरांतून अधूनमधून निघतो. सुना तोंडाला पदर लावून हसतात, नातवंडे कानांत बोंडे खोचून आपल्या गाण्यांत दंग होतात, आणि आम्ही अंगणातल्या बाकावर बसून क्लिफ रिचर्ड, एंगलबर्ट हम्परडिंक आणि जिम रीव्ह्ज यांची साठ वर्षांपूर्वीची इंग्रजी गाणी आळवीत राहतो. आम्ही म्हणजे वसईच्या एकाच आळीत वाढलेले चार मित्र. गेल्या वर्षापासून तिघे.

ही गाणी आमच्याकडे आली ती रेडिओ सिलोनवरून. त्या काळी रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. आळीत एकच रेडिओ होता आणि त्याचा मालक मनाचा मोठा होता. संध्याकाळी बागेला पाणी लावून झाले की आम्ही त्याच्या ओटीवर जाऊन बसत असू. शॉर्टवेव्हवरचा आवाज भरतीच्या लाटेसारखा जवळ येई आणि पुन्हा दूर जाई. कडव्यातले चार शब्द सापडत, चार हरवत. जे सापडत ते आम्ही देवनागरीत वहीत उतरवून घेत असू, आणि जे हरवत ते आपल्या मनाने भरीत असू. त्या वहीतले इंग्रजी एखाद्या इंग्रजाने वाचले असते तर त्याला ते लॅटिन वाटले असते!

लॅटिनवरून आठवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत आमच्या देवळात लॅटिन मिस्साच्या जागी मराठी मिस्सा आली. नेमक्या त्याच वर्षांत आम्ही इंग्रजी गाण्यांच्या नादी लागलो. आमच्यातल्या एकाचे वडील एकदा म्हणाले, "देवळात आता कुठे कळणारी भाषा आली, तर तुम्ही न कळणारी शोधून काढलीत!" स्वतः ते मात्र केळीला पाणी सोडताना लॅटिन स्तोत्रेच म्हणत. त्यांतला एक शब्दही त्यांना कळत नव्हता आणि एकही चुकत नव्हता.

सर्व गायकांत आमचा खरा जीव जडला तो जिम रीव्ह्जवर. हा टेक्सासचा माणूस १९२३ साली जन्मला. आधी बेसबॉल खेळला, दुखापतीने ते सुटल्यावर रेडिओवर निवेदक झाला आणि मग गायक. सुरुवातीला तो इतरांसारखाच मोठ्या आवाजात गाई. पुढे त्याने आवाज खाली आणला आणि ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे तसा तो गाऊ लागला. तो शब्द सावकाश आणि स्वच्छ उच्चारी, म्हणून आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या मुलांनाही त्याच्यामागून जाता येई. त्याने भक्तिगीतांच्या आणि नाताळगीतांच्याही तबकड्या काढल्या होत्या. त्यामुळे आमच्या आयांची अशी ठाम समजूत होती की हा गृहस्थ फक्त देवाचीच गाणी गातो. ती समजूत दूर करण्याची घाई आम्ही कधी केली नाही.

३१ जुलै १९६४ रोजी नॅशव्हिलजवळ वादळी पावसात त्याचे छोटे विमान कोसळले. विमान तो स्वतःच चालवीत होता. वय अवघे चाळीस. त्याच्या मागे पत्नीने त्याची अप्रकाशित ध्वनिमुद्रणे एकेक करून बाहेर आणली. नमुन्यादाखल मुद्रित केलेल्या एका गाण्याला मागाहून वाद्यवृंद जोडण्यात आला, आणि 'डिस्टंट ड्रम्स' नावाचे ते गाणे १९६६ साली ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. गायक जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. माणूस गेल्यावरही त्याचा आवाज जवळ येऊन बोलतो, याचे तेव्हा आम्हाला नवल वाटे. आज वाटत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. आमच्या चौघांत गिटार वाजवणारा एकच. १९७२ च्या मे महिन्यात त्याचे लग्न झाले. मांडवात मित्रांनी एक गाणे म्हणावे असे ठरले आणि आम्ही जिम रीव्ह्जचे सर्वांत गाजलेले गाणे निवडले, 'ही'ल हॅव टू गो'. चाल संथ, आवाज गंभीर. लग्नाला याहून शोभेसे काय असणार? आम्ही डोळे मिटून गायलो. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या बायकांनी तर हात जोडले. फक्त मुंबईच्या गोदीत नोकरीला असलेले नवरीचे मामा खुर्चीत बसून पोट धरधरून हसत होते.

मामांनी आम्हाला मांडवामागे नेऊन अर्थ सांगितला. एक माणूस दारूच्या गुत्त्यातून आपल्या प्रेयसीला फोन करतो आहे. तिच्याजवळ त्या वेळी दुसराच पुरुष बसला आहे. तो गेल्याशिवाय तिला मनातले बोलता येणार नाही, म्हणून त्याला जायला सांग, अशी त्याची विनवणी आहे. हे गाणे आम्ही नवरानवरीसमोर म्हटले होते! आम्ही मामांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. नवरीला यातले काही कळू देणार नाही, असे त्यांनी वचन दिले. नवऱ्याने रात्री बायकोला सांगितले की ते दूरदेशी गेलेल्या माणसाचे गाणे आहे.

पुढे तो खरोखरच दूरदेशी गेला. १९७६ साली त्याला कुवेतला नोकरी लागली आणि नऊ वर्षे तो तिकडेच राहिला. दोन वर्षांतून एकदा घरी येई. पत्र यायला पंधरवडा लागे. आळीत फोन होता तो फक्त वाण्याच्या दुकानात. महिन्यातून एखाद्या रविवारी वहिनी मुलांना घेऊन त्या दुकानात जाऊन बसत, आणि तीन मिनिटांच्या बोलण्यासाठी तीन तास वाट पाहत.

गेल्या वर्षी आमचा हा मित्र देवाघरी गेला. आम्ही तिघांनी ठरवले की अंत्यविधीच्या मिस्सात त्याचे आवडते गाणे गायचे. फादरांनी ऐकून घेतले आणि सौम्यपणे नकार दिला. अंत्यविधीची मिस्सा ही साऱ्या धर्मग्रामाची प्रार्थना आहे, तिथे उपासनेची गीतेच हवीत, असे ते म्हणाले. आम्ही भडकलो. त्यांच्या वयाहून आमची मैत्री जुनी आहे, असेही आमच्यातला एकजण बोलून गेला. फादर गप्प राहिले. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "देवळात नको, भावोजी. ते गाणं आमच्या घरातलं आहे. घरी म्हणा."

सातव्या दिवसाची मिस्सा झाली. संध्याकाळी घरी रोझरीही झाली. पाहुणे पांगल्यावर वहिनींनी खुंटीवरची गिटार काढून आमच्यापुढे ठेवली. वाजवणारा नव्हता, म्हणून ती तशीच मांडीवर घेऊन आम्ही गायलो. आवाज फुटत होता, श्वास पुरत नव्हता. गाणे संपले तेव्हा महाविद्यालयात शिकणारा नातू चमकून म्हणाला, "आजी, या गाण्याचा अर्थ तुला माहीत आहे का?" आम्ही त्याला डोळ्यांनी दटावले.

वहिनी हसल्या. म्हणाल्या, "मामांनी लग्नाच्या रात्रीच सांगितला होता."

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. त्या सांगू लागल्या. दुकानात फोन आला की वाणी काका तिथेच वजनकाट्याशी बसून असत. माणूस चांगला, पण कान तीक्ष्ण. त्यांच्यासमोर नवऱ्याशी काय बोलणार? पाऊस कसा आहे, केळी किती निघाली, मुलांचा अभ्यास. एकदा तिकडून याने बोलणे थांबवून नुसती ती चाल गुणगुणली. वहिनींना क्षणात कळले. त्या म्हणाल्या, "काका, घशाला कोरड पडली, जरा पाणी आणता?" काका उठून आत गेले. तेवढ्या अर्ध्या मिनिटात जे बोलायचे ते बोलून झाले. पुढे प्रत्येक फोनला असेच. नऊ वर्षांत त्यांनी त्या दुकानात किती तांबे पाणी प्यायले, याचा हिशेब नाही!

"त्यांना वाटायचं, मला अर्थ ठाऊक नाही, मी फक्त हुशार आहे," वहिनी म्हणाल्या. "मी तसंच वाटू दिलं."

पन्नास वर्षे आम्ही ते गाणे आपले समजत आलो. चाल आम्ही बसवली, शब्द आम्ही वहीत टिपले, चूकही आमची होती आणि ती लपवलीही आम्हीच. पण त्या गाण्याचा खरा उपयोग केला तो मांडवात मुकाट्याने मान खाली घालून बसलेल्या मुलीने. मिठाच्या पोत्यांमधल्या एका फोनवर तिने त्यातून आपल्या संसारापुरता एकांत मिळवला.

त्या रात्री परतताना फादरांच्या निवासात दिवा दिसला. आम्ही तिघे आत गेलो आणि झाल्या बोलण्याची क्षमा मागितली. त्यांनी चहा केला. घरी काय घडले ते आम्ही सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं, मी नाही म्हटलं."

आता नातू आपली गाणी कुठल्याशा कोरियन भाषेत गातो. शब्द त्यालाही कळत नाहीत. पूर्वी आम्ही त्याला टोकत असू. हल्ली बाकावर थोडे सरकून त्याला जागा करून देतो.