एक मशीन ऐकत नाही

ऑफिसातल्या सगळ्या मशीनांवर पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवर लिहिलेला नियम, बसते आणि एकावर बसत नाही, हे दुखणं मी वीस वर्षांहून जास्त काळ बघतोय. कुठंच बसली नाही तर सोपं असतं. घोळ सर्व्हरवर, म्हणजे आमच्याकडं. एकच अडलं की मात्र ऑफिस लगेच निकाल देऊन मोकळं होतं, "ते मशीनच बाद आहे, फॉरमॅट मारा." फॉरमॅटनं काम बहुतेकदा होतंही. पण नेमकं काय झालं होतं ते कायमचं पुसलं जातं, आणि मला हळहळ त्याचीच वाटते.

मी या कामात आलो तेव्हा कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, कॉम्प्युटर बिलं छापण्यापुरता होता. प्रत्येक मशीनचा संसार वेगळा. स्क्रीनवर कुणाची अंबाबाई, कुणाचा जोतिबा. काही बदलायचं तर उठून त्या टेबलाशी जायचं. 2000 साली विंडोज 2000 आलं, त्याच्याबरोबर ग्रुप पॉलिसी आली. नियम सर्व्हरवर एकदा लिहायचा, डोमेनमधली, म्हणजे त्या सर्व्हरला जोडलेली, मशीनं तो घेणार. लोकांना वाटतं, सर्व्हर नियम पाठवतो. सर्व्हर कुणाच्या मागं लागत नाही. मशीन सुरू होताना आणि नंतर साधारण दर 90 मिनिटांनी स्वतः विचारायला येतं. सगळ्यांनी एकदम गर्दी करू नये म्हणून त्यात 30 मिनिटांपर्यंतची कमीजास्त भर टाकलेली असते. म्हणजे जे मशीन ऐकत नाही, ते बऱ्याचदा सर्व्हरपर्यंत पोचलेलंच नसतं. वाटेत कुठं अडलं, एवढंच शोधायचं.

भारनियमनाच्या दिवसांत ते घड्याळात अडायचं. रोज संध्याकाळी भिंतीवरचा खटका बंद होणारं मशीन. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा रुपयाएवढा सेल संपलेला, त्यामुळं सकाळी ते उठायचं ते कुठल्या तरी जुन्याच सालात. मशीन आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळख तपासणारं कर्बेरॉस ती मान्य करत नाही. सेल बदलायला कितीसा खर्च! पण त्याआधी दोघातिघांनी विंडोज नव्यानं टाकून बघितलेलं असायचं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. कुणी सीपीयू माळ्यावर चढवले, कुणी घरी नेले. पाणी ओसरल्यावर एका मशीनवर कधीकाळी काढून ठेवलेली डिस्कची जुनी प्रत परत चढवली गेली, आणि डोमेन त्याला ओळखीनासं झालं. बरेच दिवस बंद राहिल्यामुळं असं होतं, असं आमच्यातलेही काही जण ठासून सांगतात. तसं नाही. मशीनचा डोमेनशी स्वतःचा एक पासवर्ड असतो, एरवी तो दर 30 दिवसांनी बदलतो आणि बदलतं ते मशीनच. बंद मशीन बदलणार कुठून? जुन्या प्रतीत मात्र जुना पासवर्ड असतो; सर्व्हर तोवर पुढं गेलेला असतो.

माझी आवडती केस अकाउंट्सच्या काकांची. पेन ड्राइव्ह बंद करायची पॉलिसी सगळीकडं लागली, काकांच्या मशीनवर लागेना. मशीनवर कोणते नियम बसले ते दाखवणारा जीपीरिझल्टचा रिपोर्ट काढला तर जुने नियम दिसले, नवे नाहीत. नेटवर्कची सेटिंग उघडली: नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएसच्या पहिल्या रकान्यात गुगलचा पत्ता, चार आठ. आमच्या डोमेनचं नाव फक्त आमच्या सर्व्हरला ठाऊक. गुगलला ते विचारणं म्हणजे दादर स्टेशनवर उभं राहून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला बोळ विचारणं.

"काका, हे कुणी टाकलं?"

"भाच्यानं ओ सर. जीएसटी भरायचा शेवटचा दिवस, साइट उघडंना. त्यानं आकडे टाकले, तवापासनं झकास चाललंय."

भाच्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटेना. त्या दिवशी रिटर्न गेलं नसतं तर दंड ऑफिसनंच भरला असता. बाहेरच्या साइटची नावं पुढं विचारणारा सर्व्हरचा फॉरवर्डर तेव्हा खरोखरच रखडत होता आणि त्याची तक्रार लिहून घेणारं कुणी नव्हतं. तो आधी नीट केला, मग काकांचं डीएनएस बदललं. पेन ड्राइव्ह बंद झाला. काका जरा नाराज झाले; त्यात जुनी मराठी नाट्यगीतं होती.

आता आमच्याकडं डोमेन हळूहळू मोडीत निघतंय. नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनवर आहेत, नियम इंटरनेटवरून येतात, एरवीची भेट साधारण आठ तासांनी. इचलकरंजी-जयसिंगपूर करणारा आमचा सेल्सवाला लॅपटॉप उघडतो, ऑर्डर टाकतो, मिटतो आणि पुढं जातो. गेल्या महिन्यात सगळ्यांवर बसलेली एक पॉलिसी त्याच्यावर बसली नाही. फोन करून म्हटलं, अर्धा तास तरी चालू ठेव, सिंक होऊ दे. तर म्हणाला, "सर, चार्जिंग नाही. एवढं अर्जंट असेल तर तुम्हीच या की इकडं."