अप्पांचा रंधा

गेल्या वर्षी आषाढात अप्पांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात दुबळा झाला आणि बोलणे एकेका शब्दावर आले. चाळीस वर्षे सुतारकाम केलेला तो हात मांडीवर निपचित पडलेला पाहणे आम्हा सर्वांना जड जाई. भौतिकोपचारतज्ज्ञांनी रबरी चेंडू दिला होता. अप्पा तो दोनदा दाबून बाजूला ठेवीत. "यांना ओळखीचे काही काम द्या," असे त्या एकदा म्हणाल्या, आणि मला माळ्यावरचा रंधा आठवला.

शिसवी लाकडाचा तो रंधा धुळीने माखला होता. पाते गंजून आतच अडकले होते. मागच्या टोकावर लाकडी हातोडीचे हलके ठोके दिले, तेव्हा पाचर सैल झाली. पाते रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले आणि सकाळी घासून, सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडे केले. धारेचे काम मी माझ्याकडे ठेवले, कारण अप्पांच्या बोटांना स्पर्श नीट कळत नव्हता. ओल्या दगडावर पाते सुमारे २५ अंशांत धरून घासत राहिले.

लाकूड अप्पांकडे होते. ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून तो त्यांच्या उजव्या हाताखाली दिला. आधाराला वर डावा हात. पहिल्या दिवशी ते पाच मिनिटांत थकले. तिसऱ्या आठवड्यात वीस मिनिटांनी मलाच त्यांना थांबवावे लागले. धूळ श्वासात जाऊ नये म्हणून आम्ही मास्क लावून अंगणात बसत असू. शेवटी जवसाचे तेल चोळले. त्या तेलाची फडकी चुरगळून ठेवल्यास आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवली.

मग मी फळीवर रंधा चालवला. तो अडखळला, लाकूड उचकटले.

"रेघ उलटी आहे, पोरी," अप्पा म्हणाले.

झटक्यानंतरचे ते त्यांचे पहिले पूर्ण वाक्य होते. मी फळी फिरवली. लाकडाचा पातळ पापुद्रा वळत बाहेर आला. अप्पांनी तो उजव्या हाताने उचलू पाहिला. दोनदा निसटला, तिसऱ्यांदा चिमटीत आला.

हात पूर्वीसारखा झालेला नाही. सदऱ्याची बटणे अजून मीच लावते. व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच व्हावेत. मात्र आपल्या माणसाचे हात आयुष्यभर कोणत्या कामात रमले, हे त्यांना अवश्य सांगावे.