निवाऱ्यातून घरात : एकलहरे येथील एका दत्तक पिल्लाचा अनुभव

अपघातात सापडलेल्या, आजारी किंवा टाकून दिलेल्या जनावरांवर उपचार करून त्यांना तात्पुरता आसरा देणाऱ्या निवारा केंद्रातून कुत्र्याचे पिल्लू दत्तक घेणे हे ते विकत घेण्यापेक्षा मुळातच वेगळे असते. कारण तेथे पैशांपेक्षा घरातल्या माणसांची तयारी पाहिली जाते, आणि येणाऱ्या जिवाचा पूर्वेतिहास बहुधा कोणालाच ठाऊक नसतो. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या वसाहतीत राहणाऱ्या एका कुटुंबाने नाशिकमधील अशा केंद्रातून चारेक महिन्यांची गावठी मादी घरी आणली, तेव्हा या दोन्ही गोष्टींचा प्रत्यय त्या कुटुंबाला आला.

केंद्राने विचारलेल्या प्रश्नांत सर्वांत कठीण प्रश्न बदलीचा होता. वीज केंद्रातील नोकरी बदलीची, राहते क्वार्टर नोकरीपुरते आणि कुत्र्याचे आयुष्य मात्र दहा-बारा वर्षांचे किंवा त्याहूनही अधिक. म्हणून बदली झाली तरी तिला बरोबर नेऊ आणि योग्य वयात तिचे निर्बीजीकरण, म्हणजे प्रजननक्षमता थांबवणारी शस्त्रक्रिया, करून घेऊ, असे कुटुंबाने लेखी दिले. ही अट जाचक मुळीच नाही. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या जंतनाशनाची व लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे.

खरी कसोटी घरी आल्यावर लागली. स्कॉट आणि फुलर या अमेरिकी संशोधकांनी 1965 च्या आपल्या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे, पिल्लाच्या वयाच्या सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ सामाजिकीकरणाचा असतो, म्हणजे माणसे, आवाज आणि वस्तू निर्धास्तपणे ओळखीच्या होण्याचा असतो. तो रस्त्यावर उपाशी राहण्यात आणि हाकलले जाण्यात गेला, तर पुढे साध्या गोष्टींचीही धास्ती बसते. ही मादी कुकरच्या शिट्टीने थरथरत असे, कोणी केरसुणी उचलली की शेपूट पायांत घालून दिवाणाखाली शिरत असे आणि खोलीत कोणी असेपर्यंत अन्नाला तोंड लावत नसे. तिला ओढून बाहेर काढायचे नाही, एवढा एकच नियम घराने पाळला. कुटुंबातील आजी रोज दिवाणाजवळ जमिनीवर, तिच्याकडे न पाहता, भाजी निवडत बसत आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा हाताशी ठेवत. मागचे पाय दिवाणाखालीच रोवून, मान जमेल तितकी लांबवून तिने तो तुकडा उचलला, तेव्हाही आजींनी हात लावला नाही. या संयमानेच पुढचे सगळे साधले, असे म्हटले पाहिजे. खाऊचे आमिष हे केवळ साधन होते.

आहाराबाबत नाशिककरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी करू शकतात, तर कांदा, मग तो कच्चा असो वा फोडणीतला, त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो. म्हणजे ज्या दोन पिकांवर हा जिल्हा उभा आहे तीच कुत्र्याला विषासमान आहेत, आणि उरलेली भाजी-आमटी प्रेमाने वाढण्याची आपली सवय येथे घातक ठरते. या घरात म्हणून तिच्यासाठी बिनमसाल्याचा भात आणि अंडे किंवा चिकन वेगळे शिजवले जाते. रेबीजची लस, तसेच पार्वो व डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या विषाणुजन्य रोगांवरील एकत्रित लस तिला टोचली असून पुढच्या मात्रांच्या तारखा तिच्या कार्डावर नोंदलेल्या आहेत.

बदलीच्या नोकरीतील माणसांनी कुत्रे पाळूच नये, असा निष्कर्ष यातून निघत नाही. मात्र नव्या गावी कुत्र्याला ठेवता येईल असे घर शोधण्याची तयारी नसेल, तर त्यांनी निवारा केंद्राच्या दारातूनच परत फिरावे.