वेलांटीचें स्थलांतर

आमच्या मातोश्रींनीं आपल्या बालपणाच्या आठवणी १९९९ सालीं आम्हांस सांगितल्या, व आम्हीं त्या संगणकावर उतरून घेतल्या. त्या काळचे बहुतेक मराठी टंक रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरीचे तुकडे बसवीत. पुढें तो टंक नाहींसा झाला, मातोश्रीही गेल्या. परवां ती फाइल उघडली, तों पडद्यावर नुसता रोमन अक्षरांचा कचरा! छापील प्रत आम्हीं कधीं काढलीच नव्हती. सुदैवानें त्या टंकाच्या कळफलकाचा तक्ता एका जुन्या वहींत सांपडला.

वर्ड या लेखनसाधनाच्या पोटांत बेसिक या आज्ञाभाषेचा एक अवतार नांदत असतो. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या आम्हांस त्याच्याशीं काय कर्तव्य, असें आजवर वाटे. आतां तक्ता पुढें ठेवून चिन्हामागून चिन्ह बदलण्याच्या आज्ञा आम्हीं लिहिल्या, आणि पहिल्या खेपेस चांगलीच फजिती झाली. जुन्या टंकांत पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी व्यंजनाच्या आधीं येई. युनिकोडमध्यें ती उच्चारास अनुसरून व्यंजनानंतर साठविली जाते. रफाराचें नेमकें उलट. म्हणजे वेलांटीस पुढें सरकवावयाचें, आणि जोडाक्षर आलें तर तें सबंध ओलांडावयास लावावयाचें! एका 'स्थिती' शब्दानें आमच्या दोन रात्री घेतल्या.

ही सोय जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन प्रभृतींचा ईमॅक्स १९७६ सालीं टेको नामक संपादन-साधनाच्या आज्ञागुच्छांतून जन्मला. १९७८ सालीं बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनीं मल्टिक्स यंत्रणेसाठीं तो लिस्प भाषेंत रचला. कचेरींतील लेखनिक स्त्रियाही त्यांत आपापल्या सोयी करूं लागल्या. त्यांच्या पुस्तिकेंत 'प्रोग्रॅमिंग' हा शब्दच नव्हता, म्हणून त्या भ्याल्या नाहींत, असें स्टॉलमन सांगतात. आम्ही मात्र त्या एका शब्दास वीस वर्षें भीत आलों.

भय अगदींच निराधार नव्हे. आठवणी लिहिल्या त्याच १९९९ सालीं मेलिसा विषाणु वर्डमधील अशाच आज्ञांवाटे पसरला. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील आज्ञा वर्ड आपण होऊन अडवूं लागलें. हा पहारा रास्तच आहे. तथापि त्या धास्तीनें दारच कायमचें चिणलें असतें, तर मातोश्री त्या कचऱ्यांत पडून राहिल्या असत्या.

तिसऱ्या रात्रीं पहिलें पान उमटलें. मातोश्री विहिरीला 'हीर' म्हणत, व आम्हीं तेंच टंकलें होतें. आज्ञावलीनें त्यास हात लावला नव्हता. त्या हिरीच्या कांठाशीं आम्ही पहांटेपर्यंत वाचीत बसलों.