जॉइनिंगची तारीख

विमानात शिरताना पुढच्या दारापाशी जी बाई हात जोडून उभी असते, ती त्या फ्लाइटची लीड. प्रवाशांना याच्याशी काही घेणंदेणं नसतं. आतल्या चौघींना मात्र असतं. एअरबस ए-320 मध्ये पन्नास सीटमागे एक या हिशेबाने आम्ही चौघी. पुढचं दार लीडचं. मागची गॅली, जिथे टॉयलेटची रांग, भरलेल्या कचऱ्याच्या ट्रॉल्या आणि कडेवरची रडणारी मुलं असं सगळं एकत्र येतं, ती बहुधा सगळ्यात नव्या मुलीची. कोणी कुठे उभं राहायचं हे वयावर ठरत नाही, एकूण किती वर्षं उडलात यावरही नाही. ते ठरतं यादीतल्या जॉइनिंगच्या तारखेवर.

बाकीचंही बरंच काही हीच तारीख ठरवते. गणपतीत रजा कोणाला, दिवाळीच्या पहाटे स्टँडबाय कोण, सिंगापूरचा लेओव्हर कोणाच्या वाट्याला आणि पाटण्याला जाऊन त्याच विमानाने परत कोण, लीडच्या मुलाखतीला आधी कोणाला बोलावणार, आणि वेळ आलीच तर आधी घरी कोण जाणार. हे शेवटचं तर 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातच होतं: कपात करायची तर त्या वर्गात सगळ्यात शेवटी लागलेला आधी जातो. म्हणून आमच्याकडे पगाराच्या आकड्यापेक्षा सीनिऑरिटी लिस्टवरचा आकडा लोकांना जास्त पाठ असतो.

माझ्या नावाला दोन तारखा आहेत. पहिली 2008 ची, दुसरी 2023 ची. कंपनी एकच. तिचं नाव सांगत नाही, अजून तिथेच नोकरी करते.

मी कोपरखैरण्याची. माझे वडील, आबा, पाटण तालुक्यातून मुंबईला आले आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी म्हणून लागले. सिडकोच्या छोट्याशा घरावर पुढे दोन मजले चढले, तसे कोपरखैरण्यात सगळ्यांचेच चढले. पोरगी एअर होस्टेस होणार म्हटल्यावर गल्लीत जे काय बोलायचं ते बोलून झालं. रात्री दोन वाजता तीन टाकीपाशी कॅब येऊन उभी राहायची, मी साडी नीट करत बॅग ओढत जायचे आणि समोरच्या खिडकीतला लाइट लागायचा. वर्षभरात त्याच खिडकीतल्या काकू भाचीच्या इंटरव्ह्यूचं विचारायला आल्या. असो.

2016 मध्ये मला दिवस गेले. गरोदर आहे हे कळवलं की त्या दिवसापासून उडणं बंद. यात वाद नाही, ते आईच्या आणि बाळाच्या भल्यासाठीच आहे. वाद पैशाचा. केबिन क्रूच्या पगारात मोठा वाटा उडलेल्या तासांच्या भत्त्याचा असतो, जमिनीवर आलात की हातात उरतो तो मूळ पगार. त्या वेळी प्रसूतीची पगारी रजा बारा आठवड्यांची होती. ती सव्वीस आठवड्यांची झाली 1 एप्रिल 2017 पासून. माझी मुलगी त्याच्या आधीची. मी परत उडायला लागणार तोवर सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. नवरा रबाळ्याला एमआयडीसीत, शिफ्ट ड्यूटी. घरात दूधपिती पोर, अंथरुणाला खिळलेली बाई, आणि माझं रोस्टर असं की मंगळवारी दिल्लीत, बुधवारी कोलकात्यात. एचआरकडे पार्टटाइमचं विचारलं, तसली सोय नव्हती. बिनपगारी लांब रजेचं विचारलं, तीही नव्हती. राजीनामा लिहिला. एचआरमधली मुलगी भली होती, तिने मजकूर सांगितला: वैयक्तिक कारणास्तव. सगळे तेच लिहितात.

सासूबाई 2021 मध्ये गेल्या. मुलगी शाळेत रुळली. करोनानंतर विमानं भरून जायला लागली, नवी विमानं आली आणि कंपन्यांना क्रू कमी पडायला लागला. जुन्या मुलींना फोन जायला लागले. मलाही आला.

परत आले तेव्हा मी पस्तिशीची होते. हे वय मुद्दाम सांगते. एअर इंडियात एके काळी एअर होस्टेस पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हायची. त्याआधी नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हाच, आणि पहिलं मूल राहिलं तर तेव्हाच. यातलं जे आधी घडेल ते. बरोबरीने ट्रे उचलणारे पुरुष मात्र अठ्ठावन्नपर्यंत. नर्गेश मिर्झा आणि इतर एअर होस्टेस याविरुद्ध कोर्टात गेल्या आणि ऑगस्ट 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. गरोदर राहिली म्हणून नोकरी संपवण्याची अट न्यायमूर्ती फझल अली यांच्या पीठाने रद्द केली, तिला भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान म्हटलं. चार वर्षांच्या लग्नबंदीला मात्र हात लावला नाही. उलट कुटुंबनियोजनाला ती मदतच करते असं म्हटलं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला फायर ड्रिल शिकवतात, पाण्यात उतरवून राफ्टवर चढायला लावतात, पण ही केस कोणी सांगत नाही. मला ती कळली ती परत आल्यावर, भांडण सुरू झाल्यावर.

तर पस्तिसाव्या वर्षी मी नव्याने नोकरीला लागले. स्टाफ नंबर नवा, युनिफॉर्म नवा, ट्रेनिंग पहिल्यापासून. ट्रेनिंगबद्दल तक्रार नाही. इतकी वर्षं दार उघडलं नसेल तर आणीबाणीत ते उघडायचं कसं हे पुन्हा शिकायलाच हवं. एकवीस वर्षांच्या मुलींबरोबर स्लाइडवरून घसरताना गुडघा थोडा बोलला, एवढंच. मग निरीक्षणाच्या फ्लाइट्स, मग चेक, मग लाइनवर. रोस्टर उघडून पाहिलं तर लीड म्हणून जिचं नाव, तिची चेक फ्लाइट 2014 मध्ये मी घेतली होती. मणिपूरची मुलगी. पहिल्या सेक्टरला तिच्या हातातून गरम पाण्याचा जग निसटला होता आणि ती रडायच्या बेताला आली होती.

ब्रीफिंग रूममध्ये तिने मला सवयीने ‘मॅम’ म्हटलं. मग मी तिला ‘मॅम’ म्हटलं, कारण आता नियमाने मॅम तीच. आम्ही दोघी हसलो. तिने मला मागची गॅली दिली. द्यायलाच हवी होती, यादीत शेवटून पहिली मीच होते. त्या फ्लाइटवर एका म्हाताऱ्या गृहस्थांची शुद्ध हरपली. ती पुढून धावत आली आणि आम्ही दोघींनी मिळून ऑक्सिजन लावला. कोणी काय करायचं हे बोलावं लागलं नाही. लँडिंगनंतर रिपोर्ट तिने लिहिला, माझं नाव कनिष्ठ क्रू म्हणून. तेही बरोबरच.

खटका उडाला तो लीडच्या जागा निघाल्या तेव्हा. अर्जाला सलग तीन वर्षांची नोकरी हवी होती. परत आलेल्या आम्ही काही जणींनी एचआरला पत्र दिलं: आमची आधीची वर्षं जोडा. उत्तर तयार होतं. तुम्ही राजीनामा दिलात, ग्रॅच्युइटी घेतलीत, फुल अँड फायनलवर सही केलीत; हिशेब संपला, ही नवी नेमणूक आहे. कायद्याने यात खोट काढता येत नाही. नोकरकपात झालेल्या कामगाराला पुन्हा भरतीत प्राधान्य देणारं कलम त्या जुन्या कायद्यात होतं, पण स्वतःहून गेलेल्यांसाठी ते नव्हतं. आणि कागदावर आम्ही सगळ्याजणी स्वतःहून गेलेल्या.

कागदावर. इथेच मला कॅरोलिन इव्हान्स सापडली. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सची स्टुअर्डेस. लग्न केलं म्हणून 1968 च्या फेब्रुवारीत तिला राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात कंपनीने लग्नबंदी उठवली. 1972 मध्ये तिला परत घेतलं, नवी म्हणून. तिने जुनी सीनिऑरिटी मागितली. 1977 मध्ये तिथलं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तेव्हाच मुदतीत तक्रार करायला हवी होती, आता तो इतिहास झाला. दोन न्यायमूर्ती तिच्या बाजूने होते, सात विरुद्ध. पाच वर्षांनी, 1982 मध्ये, टीडब्ल्यूए कंपनीतल्या बायकांच्या बाबतीत त्याच न्यायालयाने उलट दिशेने निकाल दिला. आई झाल्या म्हणून काढून टाकलेल्या त्या बायकांना मागच्या तारखेपासून सीनिऑरिटी देणं योग्य ठरवलं. आणि ही सीनिऑरिटी देऊ नका म्हणून भांडत कोण होतं? कंपनी नव्हे, तिने तर तडजोड केली होती. भांडत होती कामावर असलेल्यांची युनियन.

वाचून मला हसू आलं, कारण आमच्याकडे नेमकं तेच चाललं होतं. आमच्या पत्राची बातमी फुटली आणि त्याविरुद्ध बाकीच्यांचं पत्र गेलं. सह्या आमच्याहून कितीतरी जास्त. मग एचआरने सगळ्यांना एकत्र बोलावलं. त्या बैठकीत एक मुलगी उभी राहून जे बोलली ते मला अजून शब्दशः आठवतं असं म्हणणार नाही, पण मुद्दे आठवतात. 25 मार्च 2020 ला विमानं थांबली तेव्हा तिचा पगार निम्म्यावर आला. दोन महिन्यांनी उड्डाणं सुरू झाली तेव्हा ती पीपीई किट घालून, पाणी न पिता, डायपर लावून उडली. घरमालकाने अंधेरीची खोली सोडायला सांगितली, कारण विमानातून करोना आणशील. ती टिकली. आणि आता जी बाई तेव्हा घरी होती ती तिच्या डोक्यावर येऊन बसणार?

याला मी काय उत्तर देणार? माझंही घरी काही आरामात चाललं नव्हतं, हे उत्तर होत नाही. यादी ही अशी वस्तू आहे की मी एक पायरी वर चढले की कोणीतरी एक खाली उतरतंच. रजेचे दिवस किंवा पगाराचा टप्पा वाढवला तर भुर्दंड कंपनीला पडतो. यादीतला नंबर वाढवला तर तो शेजारणीला पडतो. अमेरिकन न्यायालयांनी हे दोन प्रकार केव्हाच वेगळे केले आहेत. आमच्या पहिल्या पत्रात ते वेगळे नव्हते, म्हणून अख्खी लाइन अंगावर आली.

आबांना मी हे सगळं सांगितलं. ते आता थकलेत, निसर्ग उद्यानात सकाळी चक्कर मारतात आणि बाकावर जुन्या माथाड्यांशी गप्पा. त्यांना प्रश्नच कळेना. ‘‘अगं, आमच्या टोळीत माणूस पेरणीला गावी गेला तर चार-सहा महिनं यायचा नाय. आला की त्याचं नाव टोळीत हायेच. पैसा सगळ्यांत सारखा.’’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘‘त्याच्या जागेवरचा बदलीवाला मात्र लई शिव्या घालायचा.’’ मी विचारलं, मग मुकादम काय करायचा? ‘‘काय करंल? दोघांस्नी चहा पाजायचा.’’

आमच्या मुकादमांनी तेवढं तरी केलं. जुन्या नोकरीनुसार पगाराचा टप्पा दिला, रजेचा हिशेबही सुधारला. रोस्टर, बढती आणि कपात यांची यादी नव्या तारखेप्रमाणेच राहिली. मला हा निकाल अन्यायाचा वाटत नाही, पण पुरा न्यायाचाही वाटत नाही. यादीला एवढंच कळतं की कोण किती काळ नव्हतं. का नव्हतं, याला तिच्यात रकानाच नाही. दुसऱ्या कंपनीत जास्त पगारावर गेलेली, तिकडची कंपनी बुडाल्यावर परत आलेली आणि बाळंतपणानंतर दुसरी कुठलीच सोय नाही म्हणून गेलेली, दोघींच्याही राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारणास्तव’. नर्गेश मिर्झाच्या काळी जा म्हणून सांगणारा नियम छापलेला तरी होता, त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येत होतं. आम्हाला जा म्हणून कोणी सांगितलं नाही. राहायची सोय तेवढी केली नाही.

आणि पुरुषांचं काय, असं कोणीतरी विचारतंच. आमच्या तुकडीतल्या एकाला माझ्या मुलीएवढाच मुलगा आहे. त्याचा स्टाफ नंबर तोच, 2008 चा. आता तो इन्स्ट्रक्टर आहे, माझ्या रिफ्रेशरला तोच होता. माणूस गोड आहे. त्याच्या बायकोने बँकेतली नोकरी सोडली.

नव्या विमानतळामुळे हे सगळं पुन्हा वर आलं आहे. उलवेचा विमानतळ 2025 च्या ऑक्टोबरात उद्घाटन होऊन डिसेंबरात सुरू झाला. कोपरखैरण्यातून तिथे जाणं म्हणजे सहार टर्मिनलला जाताना लागते तशी ठाण्याची खाडी ओलांडणं नाही, टोकाचा ट्रॅफिक नाही. मुलीला शाळेत सोडून रिपोर्टिंगला जाता येईल. क्रूच्या बेसचे अर्ज सुटल्यावर नंबर कशाप्रमाणे लागणार हे विचारायची गरज नाही. अंधेरीत, मालाडला राहणाऱ्यांना उलवे नको आहे, हीच काय ती आशा. मीरा रोडच्या एका सीनिअरने तरी आधीच सांगून ठेवलंय की सासर खारघरला असल्याने ती अर्ज भरणार.

आम्ही दुसरं पत्र करायला घेतलंय. यावेळी जुनी सगळी वर्षं मागितलेली नाहीत. मागणी एवढीच: इथून पुढे जी मुलगी बाळंतपणानंतर थांबेल तिला दोन वर्षांची बिनपगारी रजा द्या, राजीनामा लिहायला लावू नका, आणि तिचा नंबर गोठवून ठेवा, वाढवू नका, पुसूही नका. आम्हाला स्वतःला यातून काही मिळत नाही, म्हणून वाटलं होतं यावर सगळ्या सही करतील. मसुदा मणिपूरच्या मुलीला दाखवला. तिने वाचला आणि विचारलं, बाळंतपणच का? तिचे वडील इम्फाळला आजारी होते तेव्हा तिला जाता आलं नव्हतं. गेली असती तर तिचाही नंबर गेला असता. तिचा प्रश्न रास्त होता. घरातल्या कोणाच्याही गंभीर आजारपणाचा मुद्दा मी मसुद्यात घातला, तर आमच्यातल्याच दोघी म्हणाल्या, मग अशाने कोणीही उठून जाईल, आणि त्यांनी सही मागे घेतली. तिने केली.