मधली जागा

“आवाज येतोय, पण गाणं येत नाहीये,” शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणाल्या. मुलाने नवा रिसीव्हर आणून जोडून दिला होता. किशोरीताईंचा भूप लागला होता, दोन्ही स्पीकर वाजत होते. पण सूर खोलीभर पांगलेला, आणि डग्ग्याची घुमक तर कुठेच नाही.

मागे वाकून पाहिलं. उजव्या स्पीकरची लाल खुणेची तार काळ्या खुंटीत होती आणि काळी लाल खुंटीत. याला बिघाड म्हणता येत नाही. दोन्हीकडे वीज पोचते, दोन्हीकडून आवाज निघतो. फक्त डावीकडचा पडदा पुढे येतो तेव्हा उजवीकडचा मागे जातो आणि खालचे सूर हवेतच एकमेकांना खोडून टाकतात. रिसीव्हर बंद करून तारांची अदलाबदल केली. डग्गा परतला आणि किशोरीताई दोन खोक्यांच्या बरोबर मधे, भिंतीवरच्या कालनिर्णयापाशी गाऊ लागल्या. “आता आल्या,” म्हणत काकूंनी खुर्ची ओढली.

कालनिर्णयापाशी स्पीकर नव्हता. ती जागा आपले दोन कान मिळून तयार करतात. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याला म्हणे सिनेमा बघताना हे खटकलं: नट पडद्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जातो, आवाज मात्र जागचा हलत नाही. १९३१ साली त्याने स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४२ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, रडारच्या चाचणीसाठी निघालेलं विमान कोसळून तो गेला. स्टिरिओ तबकड्या घरोघरी पोचलेल्या त्याने पाहिल्या नाहीत.

मला दोनच स्पीकर आवडतात. चहूबाजूंनी घेरणाऱ्या पाच-सात स्पीकरांत सिनेमा खुशाल पाहावा. ख्याल मात्र समोरूनच यावा.

काकूंचा रिमोट अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनातच होता. त्यातून निघणारा अवरक्त प्रकाश सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, म्हणूनच तो दिव्याच्या आणि उन्हाच्या गर्दीतही ओळखू येतो. हुशार योजना आहे. पण माझं मन जडलंय ते नादावर चालणाऱ्या रिमोटवर.

१९५५ साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने युजीन पॉलीचा फ्लॅश-मॅटिक आणला. टीव्हीच्या कोपऱ्यांवर प्रकाशाचा झोत मारला की काम व्हायचं, पण खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपोआप चॅनेल बदलायचा. मग रॉबर्ट ॲडलर पुढे आला, व्हिएन्नात वाढलेला पदार्थवैज्ञानिक. विक्रेत्यांची अट होती: बॅटरी नको, कारण ती संपली की गिऱ्हाईक टीव्हीच बिघडला म्हणेल. ॲडलरने हातात मावेल अशा डबीत ॲल्युमिनियमच्या चार छोट्या दांड्या बसवल्या. बटण दाबलं की इवलीशी हातोडी दांडीवर पडायची आणि माणसाच्या कानापलीकडचा स्वर उमटायचा. दांड्यांच्या लांबीत किंचित फरक, म्हणून स्वरही चार: एक टीव्ही चालू-बंद करणारा, एक आवाज मिटवणारा, दोन चॅनेल पुढेमागे नेणारे. माणसाला नुसतं ‘खट्’ ऐकू यायचं, टीव्ही मात्र स्वर ओळखायचा. त्या ऐकण्यासाठी त्याच्यात सहा जादा व्हॉल्व्ह बसवावे लागले आणि किंमत बरीच वाढली. १९५६ च्या या ‘स्पेस कमांड’ची पद्धत पाव शतक टिकली. किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला तरी कधीकधी चॅनेल बदलायचा, कारण त्या खुळखुळाटातही तसे स्वर दडलेले असतात.

दिवाणखान्यात चार पट्ट्यांचं वाद्य वाजतंय आणि ऐकणारं एक यंत्रच आहे, ही कल्पना मला सुखावते. स्वर अचूक हवा तर दांडीची लांबी अचूक हवी. मिरजेला तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचं सूत सरकवणारे कारागीर मी डोळे भरून पाहिले आहेत. सूत केसभर इकडे, तार मुकी. केसभर तिकडे, तार फुलते; हीच जवारी. तिथे मोजपट्टी लागत नाही, कान लागतो. तंबोरा घ्यायचाच असेल तर मिरजेलाच जावं, कारागिराशेजारी मांडी घालून बसावं आणि जवारी लागताना स्वतः ऐकूनच घ्यावा.